हाताने लिहिलेला शेवटचा प्रश्न

आमचे सर वर्गात कधी आवाज चढवत नसत, कारण आतल्या खोलीत बाई झोपलेल्या असत. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. कोणी खिदळलं की सर फळ्याकडे तोंड ठेवूनच डावा हात मागे हलवायचे आणि मधल्या दाराच्या पडद्याकडे एकदा बघून घ्यायचे. पडदा फिक्कट जांभळा होता, त्यावर पोपट होते. आठ वाजता सर स्वतः चहा करायचे. दोन कप. एक टेबलावर ठेवायचे, दुसरा पडद्याआड न्यायचे आणि आत शिरताना म्हणायचे, "गरम आहे गं." थोड्या वेळाने तो कप रिकामा होऊन बाहेर यायचा.

फुलचूरच्या त्या गल्लीत मातीचं अंगण तेवढं एकच उरलं होतं. बाकी सगळ्यांनी सिमेंट तरी केलं होतं, नाहीतर गट्टू बसवून घेतले होते. एकदा समोरच्या घरी काम करणारा मिस्त्री सरांना म्हणाला, "गुरुजी, थोडा माल बचा है, आपका भी कर देता हूँ." सर एवढे घाबरले की फाटकाला कडी घालून दिवसभर आत बसले. त्या अंगणात रोज सकाळी शेणाचा ताजा सडा असायचा. आम्ही सातच्या वर्गाला यायचो तेव्हा तो ओलाच असे. मधून चालायचं नाही, भिंतीच्या कडेने एकामागे एक यायचं, चपला हातात धरायच्या, हे नियम पहिल्याच दिवशी सांगितले जात. फी, वेळ, पुस्तकं हे नंतर.

"आजारी असून बाई एवढं करतात," सुषमा म्हणायची. सुषमा माझी खोलीतली जोडीदारीण, देवरीची, झोपेला पक्की आणि बोलायला त्याहून पक्की. मीही मान डोलवायचे. आमच्या वर्गातल्या कोणालाही बाई कधी दिसल्या नव्हत्या, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. तर्कशास्त्र शिकायला आलेली आम्ही अठरा-वीस शहाणी मुलं होतो.

सर स्पर्धा परीक्षांसाठी बुद्धिमत्ता चाचणी शिकवायचे. दिशा, नातीगोती, घड्याळ हे सगळं ते भराभर उरकून टाकायचे, लग्नात अक्षता टाकतात तसं. त्यांचा जीव होता तो एकाच प्रकारात, समांतर युक्तिवादात. वर एक युक्तिवाद दिलेला असतो आणि खाली चार. खालच्यांपैकी कोणत्याची बांधणी वरच्यासारखी आहे ते ओळखायचं. वरचा चुकीचा असेल तर खालचाही त्याच जागी चुकलेला हवा. पोरांना हा प्रकार नकोसा वाटतो, कारण पाठ करायला काही नसतं.

पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं: गिरणी सुरू असली की रस्त्यावर कोंडा उडतो. आज रस्त्यावर कोंडा उडतो आहे. म्हणून गिरणी सुरू आहे. खालच्या पर्यायांत एक गिरणीचाच होता आणि एक तापाचा: ताप आला की अंग गरम होतं, अंग गरम आहे, म्हणून ताप आहे. मी ऐटीत गिरणी सांगितली.

"गिरणीला भुललीस," सर म्हणाले. "विषय सारखा दिसला की तिथे सापळा असतो. घरातलं सामान बाहेर काढ. माणसं बाहेर काढ. मग कळतं घर कसं बांधलंय."

हे शेवटचं वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. म्हणताना आवाज खाली आणायचे. मला तेव्हा ते नुसतं मजेशीर वाटायचं.

माणसं बाहेर काढायची म्हणून ते आम्हालाही नावाने हाक मारत नसत. मी ‘ख’ होते. सुषमा ‘ग’. ‘क’ कोणालाच दिलेला नव्हता. एका नव्या मुलाने मागितला तर सर म्हणाले, "तो घरात आहे," आणि पुढचा प्रश्न लिहायला घेतला.

त्यांच्या खिशात पेनाच्या जागी खडू असायचा आणि मागच्या खिशात एक छोटी डायरी. लोकांचं बोलणं ऐकून ते त्यात लिहून घ्यायचे, नावांच्या जागी अक्षरं घालून. बसस्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, बाजारात. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात होते. भाजीवाली मावशी तावातावाने सांगत होती, "बोहनीले कोनी भाव पाडला का माहा दिवस खराब जाते. आज दिवस पुरा खराब गेला. सकाळच्या त्या बाईनंच पाडला असन भाव, मले आता आठवत नाई, पन तिनंच."

सर वांगी खाली ठेवून गंभीरपणे म्हणाले, "मावशी, दिवस दुसऱ्या कारणानेही खराब जाऊ शकतो."

"कोन्त्या कारनानं जी?"

"तेच शोधतो आहे मी," सर म्हणाले. मावशीने माझ्याकडे पाहिलं, आणि वांगी न मोजताच पिशवीत घातली.

लोक त्यांच्यासमोर बोलायला बिचकू लागले होते. चहाच्या टपरीवर सर आले की गप्पा थांबायच्या. एक ऑटोवाला तर हात जोडून म्हणायचा, "गुरुजी, बैठो, लेकिन मेरी बात मत लिखना." यात गंमत होती तशी थोडी भीतीही होती. आपण सहज बोललेलं वाक्य त्या डायरीत बिननावाचं पडून आहे, ही कल्पना फारशी बरी वाटत नसे.

एकदा आमच्यातला एक जण वर्गात उशिरा आला. म्हणाला, सकाळपासून भावाला फोन करतोय, उचलत नाही. गाडीवर असला की तो उचलत नाही, म्हणजे गाडीवर असेल. सर फळ्यावर लिहीत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी फळा पुसला, पूर्ण पुसला, ओल्या फडक्याने पुन्हा पुसला, आणि त्या मुलाला म्हणाले, "तू घरी जा. आत्ता जा. गाडीवर असेल असं म्हणू नको. जाऊन बघ." तो धावत गेला. भाऊ घरातच झोपला होता, फोन उशीखाली होता. आम्ही दुसऱ्या दिवशी खूप हसलो. सर मात्र त्या दिवशी पुढे शिकवू शकले नव्हते. भिंतीला टेकून ते पडद्याकडे बघत बसले होते.

आणि एक दिवस माझ्याकडून ते घडलं. वर्ग सुटला होता, मी वही विसरले म्हणून परत आले. खोलीत कोणी नव्हतं. सर बाहेर फाटकाशी होते. निघताना मला वाटलं, इतके दिवस येतो आहोत, आत एक आजारी बाई आहे, आणि आपण तिला कधी साधं ‘येते’ सुद्धा म्हटलं नाही. मी पडद्याशी जाऊन म्हटलं, "येते हं काकू."

सर धावत आत आले. अंगणाच्या मधून धावत आले, पायाचे ठसे उमटवत, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"काही म्हणाली?" त्यांनी विचारलं.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मी म्हटलं, "नाही सर. झोपल्या असतील."

"हो. झोपली असेल." ते माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहत होते की मला अवघडल्यासारखं झालं. "झोपली असली की उत्तर देत नाही. उत्तर दिलं नाही, म्हणून..." ते तिथे थांबले. खिशातला खडू चाचपला. मग मला म्हणाले, "जा तू."

गल्लीच्या टोकापर्यंत मी चालत गेले आणि तिथून पळत सुटले. भर सकाळी, लख्ख उन्हात. कशाला पळते आहे ते मला सांगता आलं नसतं.

सरांच्या घराला लागून एक काकू राहायच्या. त्यांच्याकडे दोन म्हशी होत्या. दूध आणायला मी तिथेच जायचे. त्या संध्याकाळी मी विचारलं, "काकू, सरांच्या बाईंना नेमकं काय झालंय?"

"कोन्त्या बाईले?" काकूंनी माप हातात तसंच धरलं.

"आत झोपलेल्या असतात त्या."

"अवं माय," काकू म्हणाल्या, "त्या घरात बाई कुठं हाय? ते तं आपल्या इकडच्या प्रतापगडले गेली होती, दर्ग्यावर चादर चढवाले. नवस होता मनून. ते वापस आलीच नाई."

दुधाची बरणी माझ्या हातात होती एवढं आठवतं. तीन महिने मी त्या पडद्यासमोर बसले होते. मला बांगड्या वाजल्यासारखं ऐकू आलं होतं, एकदा नाही, अनेकदा. सुषमालाही आलं होतं. आम्ही त्यावर बोललोही होतो.

काकूंनी सगळं सांगितलं. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, गडाखालची झाडी आणि तळी धुंडाळून झाली. एक चप्पलसुद्धा सापडली नाही. "माही नात तवा पाळन्यात होती," त्या म्हणाल्या, "आता शाळेत जाऊन राहिली. जाताना मले सांगून गेली, काकू, मी येतवरी माह्या आंगनात सडा टाकत जाजो जी. दोन दिवसाचीच बात होती वं. मी हो म्हटलं."

"म्हणजे रोजचा सडा तुम्ही..."

"मंग कोन?"

"आता बंद का नाही करत?"

काकूंनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "येक दिवस मले ताप होता. उशीर झाला. जाऊन पायतो तं मास्तर दारात उभे. गुंड्या वरच्या खाली, खालच्या वर. कोरड्या आंगनाकडं असे पाहून राहिले होते का मले वाटलं, हा मानूस आता इथंच पडते. मी बालटी घेऊन आलीच होती, तं मनाले लागले, ‘उशीर झाला का तिले?’ तिले, मनाले. मले नाई. मी काय सांगू? मी खाली मुंडी करून टाकला सडा. तवापासून येक दिवस खाडा नाई केला मी."

मी रात्रीचं जेवले नाही. सुषमाला सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी वर्गालाच आली नाही. मी गेले. का गेले ते आज विचाराल तर सांगते, माझा त्या माणसावर जीव जडला होता. बापावर असतो तसा. भीती होतीच, पण भीतीने जीव कमी झाला नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा सरांनी मला जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा दिला. "सगळ्या सोडव," म्हणाले. प्रत्येक पत्रिका छापलेली होती, पण शेवटचा प्रश्न हाताने लिहिलेला. मी सामान बाहेर काढलं, माणसं बाहेर काढली, आणि मग माझ्या ध्यानात आलं. बेडूक, पाऊस, आगगाडीचा भोंगा, ताप, कोंडा. विषय दर वेळी नवा, बांधणी तीच. एक असलं की दुसरं असतं. दुसरं आहे. म्हणून पहिलं आहे. गठ्ठ्याच्या तळाशी सगळ्यात जुनी, पिवळी पडलेली पत्रिका होती. तिच्यावरच्या शेवटच्या प्रश्नाला कपडेच चढवलेले नव्हते. ती घरी असली की अंगणात सडा असतोच. आज सडा आहे. म्हणून. पुढे जागा सोडलेली. खाली चार पर्यायांची अक्षरं होती आणि त्यांच्यापुढे काही नव्हतं.

दर वर्षी नवी पोरं, दर वर्षी तोच प्रश्न, आणि दर वर्षी वर्गातलं एखादं हुशार पोर उठून सांगायचं, सर, हे चूक आहे, दुसरं कारणही असू शकतं. सर त्याला शाबासकी द्यायचे. मीही दिलं होतं हे उत्तर. मला त्यांनी पूर्ण गुण दिले होते.

पण मला घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीने. सडा आहे म्हणून बाई आहे, हे चूक. पण उलट करून पाहा. ती घरी असली की सडा असतोच. सडा नाही. म्हणून ती नाही. हे बरोबर आहे. यात फट नाही, यात दुसरं कारण नाही, हे कोणत्याही परीक्षेत बरोबरच धरतील. म्हणजे ओलं अंगण काहीच सांगत नव्हतं, आणि कोरडं अंगण सगळं सांगणार होतं. सर ते रोज शिकवत होते. रोज सकाळी कडी काढताना त्यांना ते ठाऊक असायचं. एका म्हाताऱ्या बाईच्या बादलीभर शेणपाण्यावर हा माणूस उभा होता.

बाबांना मी फोनवर सांगितलं. बोदलकसा तलावाच्या पाण्यावर आमचं धान होतं. बाबा शेतकरी, आणि बोलायला रोखठोक. आमच्या घरी बुद्धवंदनेपलीकडे काही नाही. अंगारा, नवस, भूतखेत यांचं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरतं. "मास्तरले खरं सांगून टाक," ते म्हणाले. "मानसाले असं खोट्यात ठेवू नये. काऊन घाबरून राहिली? तुले शिकवलं त्यानं खरं-खोटं, तं तूच सांग."

मागून आईने फोन ओढून घेतला. "काई सांगू नको बिचाऱ्याले. अना तू परीक्षेवर ध्यान दे."

दोघांचंही मला पटलं. असं झालं की माझं काहीच होत नाही.

परीक्षेला बारा-तेरा दिवस होते आणि काकू गोठ्यात घसरून पडल्या. खुब्याचं हाड गेलं. मुलाने गाडी आणली, नागपूरला न्यायचं ठरलं. मला बोलावणं आलं. काकू मागच्या सीटवर आडव्या, चेहरा पांढरा, आणि माझा हात धरून एकच सांगत होत्या. "गोठ्यात शेन हाय. बालटी मोरीपाशी. येक दिवस बी चुकवू नको, पोरी. मले दुखून राहिलं त्याचं काई नाई."

मी हो म्हटलं. बाबांचं म्हणणं मनात होतं, तरी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी फटफटायच्या आधी उठू लागले. पहिल्या दिवशी सडा कसला, चिखल झाला. बादली जड, हात आखडलेला. बंद दारासमोर वाकून मी पाणी फेकत होते आणि दाराच्या आत, अगदी लगेच आत, कोणीतरी उभं आहे असं मला वाटत होतं. श्वास ऐकू येत होता. सर असणार. सरच असणार, असं मी स्वतःला सांगत होते, आणि मग लक्षात यायचं की मीही तेच करते आहे. श्वास आहे, म्हणून सर आहेत. मान वर न करता मी काम संपवायचे, खोलीवर जायचे, अंघोळ करून सातला वही घेऊन परत यायचे, भिंतीच्या कडेने, माझ्याच सड्याला वळसा घालून. सर नेहमीसारखे शिकवायचे. चहाचा दुसरा कप आत जायचा.

ते फसत आहेत की नाहीत, मला कळत नव्हतं. मी फसवते आहे एवढं कळत होतं. ज्यांनी मला चूक कुठे असते ते दाखवलं, त्यांच्या दारात मी रोज एक चूक ओली करून ठेवत होते. मला स्वतःची लाज वाटायची. तरी पहाटे पाय तिकडेच वळायचे.

परीक्षा नागपूरला होती, म्हणून त्या दिवसांत वर्ग बंद होता. पहाटेची गाडी पकडायची तर सड्याची वेळ टळत होती. खूप आधी जाऊन टाकला तर सरांचं दार उघडेपर्यंत उन्हाळ्याच्या मातीत तो वाळून जाणार. मी सुषमाचे पाय धरायचे बाकी ठेवले. तिची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. ती म्हणाली, "मले भेव लागते वं तिथं." मग म्हणाली, "बरं, टाकतो. एकच दिवस ना?" तिने तीन गजर लावलेले मी स्वतः पाहिले.

पेपरात समांतर युक्तिवादाचे प्रश्न होते. मी एकही चुकवला नाही, आणि एकही प्रश्न वाचताना मला अंगणाशिवाय काही दिसलं नाही. बाहेर येऊन फोन चालू केला. सुषमाचे चार संदेश होते. पहिला: यार झोप लागली. दुसरा: आठ वाजता उठली. तिसरा: मी तिकडे जाणार नाही, तू रागव. चौथ्यात नुसते हात जोडलेले.

परतीच्या गाडीत मी बसू शकले नाही. दारापाशी उभी राहून तुमसर, तिरोडा जाताना बघत राहिले. मला सरांच्या गुंड्या दिसत होत्या, वरच्या खाली, खालच्या वर. ते पडले असतील आणि कोणी बघितलं नसेल, असंही दिसत होतं. काकूंनी दोन दिवसांचं काम इतकी वर्षं केलं आणि माझ्याकडून बारा दिवस झालं नाही. मी गाडीत रडले, लोक बघत होते तरी रडले.

गल्लीत शिरले तेव्हा दुपार होती. कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. फाटक नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

अंगणात सडा होता.

ताजा होता, ओला होता. दुपारच्या उन्हात त्याचा वास येत होता. काकू नागपूरच्या दवाखान्यात. सुषमा खोलीवर. मी गाडीतून आत्ता उतरलेली. दोन पर्याय कटले, तिसराही कटला, आणि सरांनी शिकवलेलं माझं डोकं त्या भर उन्हात चौथ्याकडे सरकू लागलं. पडदा हलताना दिसला. तो आतल्या पंख्याने हलत होता, पण हे मला नंतर सुचलं.

मग मी नीट पाहिलं. काकूंचा सडा सारखा पडायचा, माझाही थोडा जमू लागला होता. हा मात्र कुठे डबकं, कुठे कोरडा पट्टा. ज्याने आयुष्यात कधी बादली उचलून पाणी फेकलं नाही, त्याने टाकलेला. उंबऱ्याशी एक खडू पडला होता, शेणाने हिरवा झालेला.

सर दारातल्या खुर्चीवर बसले होते. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. मला म्हणाले, "पेपर कसा गेला?"

"चांगला गेला, सर."

"काकूंचा सडा तुळशीपासून सुरू व्हायचा. तुझा फाटकापासून होतो." त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. मी उंबऱ्यावर बसले. "कोण टाकतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोण टाकतं हा प्रश्नच नव्हता."

"सर, मी सुषमाला सांगितलं होतं. तिला झोप लागली. चूक झाली."

"आज मी दार उघडलं," सर म्हणाले, "आणि उभा राहिलो. सूर्य त्या भिंतीवर आला, तरी उभा होतो. युक्तिवाद बरोबर होता. मी सगळीकडून तपासला. कुठेच चूक नव्हती." ते आपल्या हातांकडे पाहत होते. नखांत शेण सुकलं होतं. "मग गोठ्यात गेलो. शेण कालवता येईना. दोनदा परत आलो, पुन्हा गेलो. सकाळपासून तीनदा टाकला. वाळतो ना लवकर. वाळला की पुन्हा टाकतो."

मी त्यांचे हात हातात घेतले. त्यांनी ते सोडवून घेतले नाहीत. वर्गात त्यांच्या तोंडून मी कधी गावाकडची बोली ऐकली नव्हती. प्रमाण मराठी, मोजून मापून. आता ते माझ्याकडे वाकले, पडद्याकडे एकदा पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"ते आली तं तिले सांगू नको बरं, का येक दिवस आंगन कोरडं होतं."

"नाही सांगणार, सर," मी म्हटलं, आणि उठून बादली घेतली, कारण फाटकाकडची कड वाळायला लागली होती.